आर्मेनियात पारंपरिक ठिकाणी जेवायला जाताना: बरोबर शाकाहारी सासूबाई आहेत

मृण्मयी_ठाणे:
मंडळी, सप्टेंबरअखेर आर्मेनियाला जायचं ठरलंय. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. मुक्काम येरेवानला, तिथून गार्नी, गेघार्द, सेवान तलाव आणि जमलं तर ग्युम्री. विमान, व्हिसा सगळं झालंय, आता प्रश्न फक्त जेवणाचा उरलाय.

आम्ही तिघं सगळं खातो. सासूबाई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. चातुर्मास असला तरी प्रवासात कांदा-लसूण चालवून घेईन, असं त्या स्वतःहून म्हणाल्यात. जाऊन आलेले ओळखीचे सगळे एकच सांगतात, की येरेवानमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, पत्ते घेऊन ठेवा आणि तिथेच जेवा. मला हे अजिबात पटत नाही. एखाद्या देशात जायचं आणि तिथल्या माणसांच्या पद्धतीने एकदाही न जेवता परतायचं, म्हणजे निम्मा देश न बघताच आलो. सासूबाईंचंही तेच मत आहे. "मला काकडी-टोमॅटो चालेल, पण मी तुमच्याबरोबरच बसणार," असं त्या म्हणतात. पण आम्ही जेवतोय आणि त्या काकडी खात बसल्यात, हे मला चालणार नाही.

तर परक्या माणसाने पारंपरिक आर्मेनियन ठिकाणी कसं जावं, काय मागवावं, आणि शाकाहारी माणसाचं खरंच पोट भरतं का? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.

खादाड_नाशिककर:
भरतं. बिनधास्त जा.

पहिली गोष्ट, माणशी एक डिश मागवू नका. आपल्याकडच्या हॉटेलांच्या सवयीने आपण तेच करतो आणि ते जेवण फसतं. तिथे सगळं टेबलाच्या मध्ये येतं आणि सगळे त्यातून घेतात. आधी लावाश येतो, कागदासारखा पातळ, घडी घालून टोपलीत. त्याबरोबर चीजची थाळी आणि हिरव्या पाल्याची थाळी मागवायची. पाल्यात कोथिंबीर, कांद्याची पात, मुळे, जांभळ्या पानांची तुळस (ते तिला रेहान म्हणतात) आणि तारखुन नावाचा बडीशेपेच्या वासाचा पाला. लावाशचा तुकडा फाडायचा, त्यात चीज आणि भरपूर पाला घालायचा, गुंडाळी करून खायची. हा स्टार्टर नाही बरं का. वेटर उचलायला आला तर 'राहू दे' म्हणा, शेवटच्या घासापर्यंत लागतो.

दुसरं, पदार्थ तयार होतील तसे येतात. सूप आधी, भात नंतर असला क्रम धरू नका. आधी निम्मंच मागवा. ताटल्या मोठ्या असतात आणि लावाशनेच निम्मं पोट भरलेलं असतं.

येरेवानमध्ये तुमान्यान रस्त्यावरचं 'लावाश', अमिरियान रस्त्यावरचं 'टॅव्हर्न येरेवान', आणि जरा जास्त खर्चाची तयारी असेल तर पुश्किन रस्त्यावरचं 'डोल्मामा'. शुक्रवारी-शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा.

प्राजक्ता_क:
वाचनखूण साठवली. मे महिन्यात जायचं आहे.

अवधूत_सांगली:
नाशिककरांशी असहमत, निदान शाकाहारी माणसाच्या बाबतीत.

मी आईला घेऊन गेलो होतो. एका नावाजलेल्या ठिकाणी 'भाज्यांचं सूप' मागवलं. आईने दोन चमचे घेतले आणि थांबली. विचारलं तर कळलं, भाज्या मांसाच्या रश्शात शिजवल्या होत्या. वेटर खोटं बोलला नव्हता. तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही, असंच तो धरून चालला होता. पण नंतर आईने कुठेच विश्वासाने खाल्लं नाही. फळं आणि ब्रेडवर सहल काढली. अशा वयात माणूस उपाशी राहिला की सगळ्या सहलीवर पाणी पडतं.

ताई, तुम्ही तिघं हवं ते खा, पण सासूबाईंसाठी भारतीय हॉटेलचा पत्ता खिशात असू दे. त्यात कमीपणा काही नाही.

स्टेथो_लातूर:
मी मूळची लातूरची, येरेवानला मेडिकलला आहे, घरी शाकाहारी. अवधूतदादांचं दुःख कळतं, कारण इथे पहिल्या वर्षी आमच्या होस्टेलवर सगळ्यांचं हेच होतं. पण त्यावरचा उपाय आर्मेनियन स्वयंपाकातच आहे, भारतीय हॉटेलात जायला नको.

या देशाने परंपरेप्रमाणे इसवी सन 301 मध्ये ख्रिस्ती धर्म राज्यधर्म म्हणून स्वीकारला आणि यांच्या चर्चचे उपास कडक आहेत. ईस्टरच्या आधी 40 दिवस, शिवाय एरवी बुधवार आणि शुक्रवार. या उपासाला मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. आज सगळे पाळतात असं नाही, पण शेकडो वर्षं लोकांनी पाळल्यामुळे उपासाच्या पदार्थांची एक पूर्ण परंपरा तयार झाली आहे. परदेशी पाहुणा शाकाहारी आहे म्हटलं की वेटर सॅलड दाखवतो. उपासाचं काय आहे असं विचारलंत की तो स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतो. फरक तिथे पडतो.

आता पदार्थ. पासुत्स तोल्मा सगळ्यात वर. कोबीच्या पानात राजमा, हरभरे, मसूर आणि दलिया भरलेला असतो, थंडच वाढतात, आंबटसर लागतो. नवीन वर्षाला घरोघर होतो, पण बऱ्याच पारंपरिक ठिकाणी एरवीही मिळतो. मग आवेलुक. हा डोंगरात उगवणारा रानपाला, बायका त्याच्या वेण्या घालून वाळवतात, बाजारात त्या वेण्या टांगलेल्या दिसतील. त्याचं सॅलड लसूण, अक्रोड घालून करतात, कधी वरून डाळिंबाचे दाणे. मग झिंग्यालोव हात्स, म्हणजे पाला भरून तव्यावर भाजलेली रोटी, तिच्याबद्दल वेगळं लिहिते. निखाऱ्यावर भाजलेली वांगी, मिरच्या, टोमॅटो असतातच. तुम्ही शरदात येताय, तर घापामा मिळतो का विचारा. अख्ख्या लाल भोपळ्यात भात, जर्दाळू, मनुका, मध घालून भाजतात. वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं.

सांभाळायचं कशाला? हारिसा दिसतो साध्या गव्हाच्या खिरीसारखा, पण त्यात कोंबडी किंवा मटण पार विरघळेपर्यंत शिजवलेलं असतं. मेनूत नुसतं 'गहू' असं लिहिलेलं मी पाहिलंय. पुलाव रश्शात शिजवलाय का ते विचारा. आणि सूप कुठलंही असो, विचारल्याशिवाय नाही.

कागदावर लिहून ठेवा: "येस मिस येव द्झू चेम ऊतुम", मी मांस आणि अंडं खात नाही. "आरांत्स मसी आर्गानाकी", मांसाच्या रश्शाशिवाय. रश्शाचं वाक्य वेगळं सांगावंच लागतं. तेवढं एक सांगितलं असतं तर अवधूतदादांच्या आईंचं सूप बदलून मिळालं असतं. इथले लोक पाहुण्याच्या बाबतीत फार हळवे आहेत, मुद्दाम कोणी फसवत नाही.

निनाद_मुलुंड:
खूप उपयोगी, धन्यवाद डॉक्टर. स्पास नावाचं दह्याचं सूप वाचलंय. म्हणजे गहू घातलेली कढीच की. ते सासूबाईंना चालेल ना?

स्टेथो_लातूर:
निनाद, तिथेच सगळे फसतात. दही फुटू नये म्हणून स्पासमध्ये बहुतेक ठिकाणी अंडं फेटून घालतात. अंडं खाणाऱ्यांनी जरूर घ्या, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गारही देतात, वरून कोथिंबीर. अंडं न खाणाऱ्यांनी साधं मात्सुन (दही) किंवा तान (खारट ताक) घ्यावं.

सीमा_चौगुले:
सासूबाई किती कडक आहेत त्यावर आणखी एक. चीजला रेनेट (दूध जमवणारं विरजण) लागतं आणि गावठी चीजमध्ये ते बहुधा वासराच्या पोटातलं असतं. आमच्या जैन मैत्रिणीने चीज पूर्ण टाळलं आणि लावाश, मात्सुन, मध, अक्रोड, फळं यांवर मजेत राहिली. त्या देशातली फळं म्हणजे काय सांगू. सप्टेंबरात द्राक्षं, अंजीर, पीच. जर्दाळू मात्र जून-जुलैतच, तो तुमचा हुकणार.

मृण्मयी_ठाणे:
स्टेथो, किती मनापासून लिहिलंस गं. कागद तयार केला. सीमाताई, चीज त्यांना चालतं, घरीही खातात.

गार्गी_बोस्टन:
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. वर नावं आली त्यातली संगीत-नाचाची ठिकाणं खरोखर 'पारंपरिक' म्हणायची का? भिंतीवर गालिचे, मातीचे रांजण, वेटरच्या अंगात पोशाख, कोपऱ्यात दुदुक वाजवणारा. हे पर्यटकांसाठी उभं केलेलं वाटतं. खरं जेवण घरात किंवा रस्त्याकडेच्या साध्या खोरोवाट्सच्या (निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या) टपरीवर. माझ्या बोस्टनच्या आर्मेनियन शेजारणीचंही हेच म्हणणं आहे. (बोस्टनजवळच्या वॉटरटाऊनला आर्मेनियन वस्ती मोठी आहे, तिथल्या बेकऱ्यांतला लाहमाजो, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी, आम्ही नेहमी आणतो.)

खादाड_नाशिककर:
गार्गी, निम्मं मान्य. पण शनिवारी रात्री त्या ठिकाणी बसून बघा. आजूबाजूच्या टेबलांवर आर्मेनियन कुटुंबंच असतात. आजोबांचा वाढदिवस, कोणाचा साखरपुडा, मुलं टेबलाखालून पळतायत, आणि गाण्यावर सगळ्यात आधी उठून हात वर करून नाचतात त्या आज्या. पर्यटकांसाठी उभं केलेलं असेलही, पण तिथले लोकही तिथे आपले सण साजरे करतात. मग ते खोटं कसं?

आणि दुदुकबद्दल. जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, युनेस्कोच्या यादीत आहे. बोलणं थांबवून एक तुकडा ऐकावा.

गार्गी_बोस्टन:
आज्यांच्या मुद्द्यावर माघार. पण संगीताच्या ठिकाणी वयस्कर माणसाला आवाजाचा त्रास होतो, त्यामुळे कोपऱ्यातलं टेबल मागा किंवा दुपारी जा.

नंदूकाका_बडोदे:
जेवणापेक्षा बसण्याबद्दल लिहितो. आम्ही नवरा-बायको दिलिजानच्या बाजूला एका छोट्या भोजनालयात बसलो होतो. शेजारी सात-आठ जणांची पंगत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे बघून खुणेने विचारलं, कुठले? भारत म्हटल्यावर आमच्या खुर्च्या उचलून त्यांच्या टेबलाला लागल्या. नको म्हणायला वावच नाही.

तिथे मनाला येईल तेव्हा घोट घ्यायचा नसतो. पंगतीचा एक प्रमुख असतो, तमादा. तो उभा राहून बोलतो, मग सगळे पेला उचलतात. आईवडिलांसाठी, मुलांसाठी, गेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी. त्यांच्यातली एक मुलगी इंग्रजीत सांगत होती म्हणून कळलं, की म्हाताऱ्याने आमच्या दोघांच्या आईवडिलांची नावं विचारून घेतली होती आणि त्यांच्या नावाने पेला उचलला. माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. परक्या देशात, परक्या माणसाच्या तोंडून तिचं नाव आलं आणि सगळं टेबल उभं राहिलं. हिने माझा हात धरला.

मी पीत नाही. कोम्पोतचा (फळं उकळून केलेलं सरबत) पेला उचलला, कोणाला वावगं वाटलं नाही. मृण्मयीताई, सासूबाईंना सांगा, ताकाचा पेलाही चालतो.

अमेय_१९:
काका, अंगावर काटा आला.

विनय_गोखले:
नंदूकाकांच्या प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं.

माझ्याकडून एक सूचना. टेबलावर बसून "हे तर टर्किश जेवण" किंवा "टर्किश कॉफी" असं म्हणू नका. आपल्याला फरक पडत नाही, त्यांना फार पडतो. ऑटोमन राज्यात 1915 पासून जे हत्याकांड झालं त्यात कितीतरी घरांनी माणसं गमावली आहेत. येरेवानमध्ये त्सित्सेर्नाकाबेर्दचं स्मारक आहे, तिथे जेवणाआधी जाऊन या, मग टेबलावरचं बरंच काही उमगतं.

हारिसाचंच बघा. मुसा दाघ नावाच्या डोंगरावर काही गावांनी 1915 मध्ये तटून लढा दिला, शेवटी फ्रेंच जहाजांनी त्यांना सोडवलं. त्यांचे वंशज आर्मेनियातल्या मुसालेर गावात दर सप्टेंबरात रात्रभर मोठाल्या कढयांत हारिसा शिजवतात आणि सकाळी येईल त्याला वाटतात. सप्टेंबरात जाताय तर तारीख जुळते का बघा.

हेरंब_फोर्ट:
अवांतर: आर्मेनियन मंडळी आपल्याला अगदी परकी नाहीत. मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटला त्यांचं चर्च आहे, मी रोज ऑफिसला जाताना त्यावरून जातो. व्यापारासाठी ते सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता सगळीकडे होते. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' हे 1794 मध्ये मद्रासला छापलं गेलं. येरेवानमध्ये शिकल्या-सवरलेल्या माणसाला हे माहीत असतं. गप्पा सुरू करायला याहून चांगला विषय नाही.

स्टेथो_लातूर:
हेरंबदादा, खरंय, आमच्या प्राध्यापकांनी पहिल्या तासाला मद्रासचंच नाव काढलं होतं.

झिंग्यालोव हात्सबद्दल लिहायचं राहिलं होतं. ही मूळची आर्त्साखची, म्हणजे नागोर्नो-काराबाखची रोटी. कणीक, पाणी, मीठ, अंडं नाही. आत दहा-पंधरा प्रकारचा बारीक चिरलेला पाला, रानातला आणि बागेतला मिळून, थोडं तेल, मीठ, तिखटाची चिमूट. कडा जुळवून होडीसारखा आकार, मग हाताने चपटी करून तव्यावर. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिथले एक लाखाहून जास्त लोक घरदार सोडून आर्मेनियात आले. त्यांतल्या बऱ्याच बायका आता येरेवानमध्ये हीच रोटी करून घर चालवतात. गुम बाजारात जा, तव्यापाशी उभं राहून गरम खा. मी जिच्याकडे जाते ती मावशी पाला चिरताना कुठला कुठल्या डोंगरावर मिळायचा ते सांगत असते. सासूबाईंना तिथे न्याच. पैसे थोडे जास्त दिले तर ती घेत नाही, त्यापेक्षा आणखी दोन रोट्या बांधून घ्या.

रणजित_कोल्हापूर:
सगळं शाकाहारीच चाललंय. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

खोरोवाट्स! वेलींच्या काटक्यांचा निखारा, त्यावर सळईला लावलेलं मांस. मसाला जवळजवळ नाही, मीठ, कांदा, थोडी मिरी. पहिल्या घासाला कोल्हापुरी जिभेला फिकं वाटतं. तिसऱ्या घासाला कळतं की मांसाचीच चव लागतेय आणि तीच पुरेशी आहे. तिखट हवंच तर लोणच्याच्या मिरच्या मागा.

बीफ, पोर्क टाळणाऱ्यांनी हे चार शब्द पाठ करा. हाव कोंबडी, गार कोकरू, खोझ डुक्कर, तावार बीफ. नुसतं खोरोवाट्स म्हटलं तर बहुधा पोर्क येतं. मटणाची तोल्मा म्हणून जी द्राक्षाच्या पानातली येते तिच्यात, मांतीत (खिमा भरलेले छोटे मोमो) आणि लाहमाजोत बरेचदा बीफ असतं. विचारून घ्या.

खाश मात्र सप्टेंबरात शोधू नका. गाईच्या पायांचं रात्रभर उकळलेलं सूप, थंडीतच करतात, भल्या सकाळी बसतात, लसूण आणि वाळलेला लावाश कुस्करून, सोबत वोदका.

सीमा_चौगुले:
सेवानच्या माशाबद्दल कोणीच लिहिलं नाही. मेनूत 'इश्खान' असेल. हा सेवानचा मूळचा ट्राउट, पण तलावात तो आता फार थोडा उरलाय, संरक्षित आहे. सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी तलावाचं पाणी इतकं सोडलं की पातळी जवळपास 20 मीटर उतरली, त्यात त्याच्या अंडी घालायच्या जागा गेल्या. चांगल्या ठिकाणी ताटात येतो तो तळ्यात वाढवलेला ट्राउट. कोणी "आजच तलावातून काढलाय" म्हणून रस्त्याकडेला विकत असेल तर घेऊ नका, हे कळकळीने सांगते. तलावातला खायचाच असेल तर सिग घ्या, तो बाहेरून आणून सोडलेला मासा आहे. काठावरच्या हॉटेलांत भाजून देतात, वर तारखुन आणि लिंबू.

अवधूत_सांगली:
स्टेथोचं वाचून मत थोडं बदललं. आईला हे वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग परत जाऊ." पण एक शंका राहतेच. भाज्या त्याच जाळीवर, त्याच सळईवर भाजत असतील तर?

खादाड_नाशिककर:
घरी बरेचदा भाज्या आधी भाजतात, आच मोठी असते तेव्हा, आणि मांस नंतर. हॉटेलात जाळी एकच असणार. ज्यांना हे चालत नाही त्यांनी भाजलेलं सोडून तोल्मा, आवेलुक, पाल्याची रोटी यांवर राहावं. यात मधला मार्ग नाही, उगाच 'होईल काहीतरी' म्हणून वयस्कर माणसाला फसवू नये.

निशिगंधा:
पैशाचं कोणीतरी लिहा.

खादाड_नाशिककर:
आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण सव्वाचार-साडेचार ड्राम. आम्हा दोघांचं पोटभर जेवण, वाईनशिवाय, बारा-पंधरा हजार ड्राममध्ये व्हायचं. बिलात बरेचदा 10 टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, मेनूच्या शेवटी बारीक अक्षरात दिलेलं असतं. सेवा आवडली तर वर थोडं रोख ठेवा. मोठ्या ठिकाणी कार्ड चालतं, खेड्यात रोखच. पाणी विकत घ्यायची गरज नाही, येरेवानभर रस्त्यात पुलपुलाक नावाची पिण्याच्या पाण्याची कारंजी आहेत. आणि 2022 पासून हॉटेलांत आत सिगारेट ओढायला बंदी आहे, पूर्वी तो त्रास फार होता.

मृण्मयी_ठाणे:
परत आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते, कारण पुढच्यांना उपयोग होईल.

येरेवानमध्ये पहिल्याच रात्री कागद दाखवला. वेटरने वाचला, सासूबाईंकडे बघितलं, आणि मेनू मिटून बाजूला ठेवला. "मी आणतो," एवढंच म्हणाला. पासुत्स तोल्मा, आवेलुक, राजमा आणि अक्रोडाचं वाटण, मशरूम, बीट. सासूबाईंसमोर आमच्यापेक्षा जास्त ताटल्या झाल्या. अवधूतदादा, तुमच्या इशाऱ्यामुळे सूप प्रत्येक ठिकाणी विचारूनच मागवलं आणि दोनदा "यात रस्सा आहे, नका घेऊ" असं उत्तर मिळालं. स्टेथोचं रश्शाचं वाक्य नसतं तर कळलंच नसतं.

गार्नीला देवळाजवळ एका घरी जेवलो, आधी फोन करून. अंगणातल्या शेडमध्ये जमिनीत पुरलेला तोनिर, म्हणजे त्यांचा तंदूर. एक बाई कणीक लाटून दुसरीकडे फेकते, ती दोन्ही हातांवर झुलवून ताणते, गवत भरलेल्या लांबट उशीवर पसरते आणि कमरेत वाकून थेट विस्तवाच्या तोंडात हात घालून भिंतीला थापते. मिनिटही जात नाही, आकड्याने ओढून बाहेर. कोपरापर्यंतची लव जळून गेलेली, त्यावर जुने डाग. सासूबाई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. मग त्यांनी लाटणं मागून घेतलं. त्यांची पोळी गोल झाली, तिथल्या बायकांना लांबट हवी होती, पण तीही भिंतीला लागली आणि आम्ही ती कोवळ्या अक्रोडाच्या मुरंब्याबरोबर खाल्ली. वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या दोघी, बोलायला एक शब्द सारखा नाही, आणि तासभर मीठ किती, पाणी किती हे बोटांनी चाललेलं.

गुम बाजारात स्टेथोच्या मावशीला शोधलं. तीच होती की दुसरी कोण जाणे, पण रोटी अप्रतिम. एका रोटीवर भागलं नाही. नवऱ्याने परतीच्या दिवशी विमानात न्यायला बांधून घेतल्या.

ग्युम्रीला पानरखाश खाल्लं, वाळलेला लावाश, चीज, तळलेला कांदा, वर कढत पाणी. ऐकायला साधं वाटतं, पण थंड संध्याकाळी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सासूबाईंचा सगळ्यात आवडता पदार्थ तोच ठरला. तातार बोराकी (उकडलेल्या पिठाच्या तुकड्यांचा पदार्थ) मात्र विचारून नाकारली, पिठात अंडं निघालं. मुसालेरची तारीख जुळली नाही, त्याचं वाईट वाटतंय.

आवडलं नाही ते एकच. सेवानच्या काठावर एका ठिकाणी मेनूवरचा भाव वेगळा आणि बिलातला वेगळा आला, मासा वजनावर होता म्हणे. मासा वजनावर असेल तर भाजायला टाकण्याआधी वजन आणि रक्कम विचारून घ्या.

भारतीय हॉटेलात एकदाही गेलो नाही. तशी वेळच आली नाही.

नंदूकाका_बडोदे:
वा! सासूबाईंना नमस्कार सांगा. लाटणं मागून घेतलं हे फार आवडलं.

अवधूत_सांगली:
मृण्मयीताई, गार्नीच्या त्या घरात आधी सांगितलं तर पूर्ण शाकाहारी करतात का? आणि स्टेथो, आम्ही मार्चमध्ये यायचं म्हणतोय, आईला चालेल ना? थंडी असेल का?

मृण्मयी_ठाणे:
करतात. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं तर आमच्यासाठी रश्शाशिवायचा पुलाव वेगळा लावला होता. गावात बऱ्याच घरी अशी सोय आहे, हॉटेलच्या स्वागतकक्षात सांगितलं तर ते फोन करून देतात.

स्टेथो_लातूर:
अवधूतदादा, मार्च उत्तम. थंडी असते, आईंना जाड कोट लागेल आणि सेवानला वारा बोचतो, पण ईस्टरच्या आधीचा उपास त्याच सुमारास येतो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, तेवढी बघून घ्या. तेव्हा येरेवानमध्ये किती तरी ठिकाणी उपासाचा वेगळा मेनूच लावतात, दूध-अंडं-मांस काही नाही, त्यामुळे आईंना विचारत बसावं लागणार नाही. तारखा ठरल्या की इथेच लिहा, माझ्या परीक्षा नसतील तर गुम बाजारात मी स्वतः येते.